‘-जुनी यादी’ नावाची फाइल टर्मिनलवरून डिलीट होत नाही, नाव अवतरणचिन्हांत टाकूनही. काय करू?

अवतरणचिन्हं टाकलीत ते बरोबरच, पण त्यांनी अर्धंच काम भागतं. तुमची ओळ दोघं वाचतात: आधी शेल (टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम), मग आरएम (फाइल डिलीट करणारी कमांड). स्पेस दिसली की शेल नावाचे तुकडे पाडतं, ते अवतरणचिन्हांनी थांबतं. पण नंतर शेल ती चिन्हं काढून नुसतं नाव आरएमच्या हाती देतं. सुरुवातीचा डॅश बघून आरएमला वाटतं, हा ऑप्शन आहे, म्हणजे काम कसं करायचं ते सांगणारी सूचना. त्यामुळे कसलीही अवतरणं लावा, एरर तीच.

नावाआधी ‘हाच फोल्डर’ असं सांगा (कमांड अर्थातच रोमनमध्ये टाइप करा):

आरएम './-जुनी यादी'

आता नाव डॅशने सुरूच होत नाही. नावाआधी नुसते -- देऊनही काम होतं, ‘इथून पुढे ऑप्शन नाहीत’ असा त्याचा अर्थ. मला मात्र ./ आवडतं, कारण -- न जुमानणारे प्रोग्रॅमही असतात.

हे मी ठेच लागून शिकलो. माझ्याच स्क्रिप्टच्या चुकीने एका फोल्डरमध्ये ‘-आरएफ’ नावाची फाइल तयार झाली होती (तीसुद्धा रोमनमध्ये). मी निर्धास्तपणे ‘आरएम *’ दिलं. चांदणीच्या जागी सगळी नावं शेलच भरतं, त्यात हेही आलं, आणि आरएमने ते ऑप्शन म्हणून वाचलं. आतले फोल्डरही न विचारता साफ! तेव्हापासून मी चांदणीआधीही ./ लावतो.

युनिक्समध्ये फाइलच्या नावात फक्त तिरकी रेघ (/) आणि शून्य किमतीचा बाइट चालत नाही. बाकी सगळं चालतं, अगदी नवी ओळसुद्धा. नाव बरोबर टाइप करूनही ‘अशी फाइल नाही’ असं उत्तर आलं तर शेवटी एखादी स्पेस लपलेली असू शकते. लिनक्सवर ‘एलएस -बी’ दिलंत (एलएस म्हणजे फाइलींची यादी दाखवणारी कमांड) की ती दिसते.

नाव टाइपच करता येत नसेल तर ‘एलएस -आय’ने फाइलचा आयनोड क्रमांक (सिस्टिम फाइल ओळखते तो आतला क्रमांक) बघा, समजा 48213 आला, आणि शोधणाऱ्या फाइंड कमांडला तो द्या:

फाइंड . -आयनम 48213

हवी तीच फाइल दिसली की त्याच ओळीच्या शेवटी ‘-डिलीट’ जोडा. शेवटीच हं! ते क्रमांकाच्या आधी पडलं, तर फाइंड क्रमांक बघण्याआधीच फोल्डरमधलं सगळं उडवत सुटेल.