‘संस्था’ म्हणजे काय, आणि पतसंस्था संस्था का नाही?

कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा: “दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. आता बी.ए.ला समाजशास्त्र आणि मानसशास्त्र आहे, नोट्स कन्नडमधून मिळतात आणि पेपरही कन्नडमधूनच लिहायचा आहे. डोक्यात नीट उतरावे म्हणून कोल्हापूरहून मराठी पुस्तक मागवले. त्यात विवाह ही संस्था, पण पतसंस्था मात्र ‘मंडळ’, असे निघते. नावातच संस्था असताना ती संस्था कशी नाही? दुसरे, नकारात्मक प्रबलन म्हणजे शिक्षाच ना?”

आधी संस्थेचे पाहू, कारण गुंता तिथे जास्त आहे.

पुस्तकात लिहिले आहे ते बरोबर आहे. पण तुम्हाला पडलेली शंका मराठी नीट येणाऱ्या कोणालाही पडावी अशीच आहे. आपल्या बोलण्यात संस्था म्हणजे माणसांनी काढलेली, नोंदणी झालेली, पाटी, शिक्का आणि चेअरमन असलेली गोष्ट. दूधसंस्था, पतसंस्था, शिक्षणसंस्था. “तो संस्थेत लागला” म्हटले की नोकरी लागली हे कळते. समाजशास्त्रातली संस्था अशी दाखवता येत नाही, कारण तिला दारही नसते आणि पाटीही नसते. एखादी गरज भागवण्याची समाजाने मान्य केलेली, ठरून गेलेली रीत म्हणजे संस्था. ती रीत वापरून ठरावीक कामासाठी एकत्र आलेली, संघटित माणसे म्हणजे मंडळ.

ही विभागणी मॅकायव्हर आणि पेज या समाजशास्त्रज्ञांच्या 1949 च्या पाठ्यपुस्तकामुळे आपल्याकडच्या अभ्यासक्रमांत पक्की बसली. त्यांची कसोटी सोपी आहे: मंडळाचे सभासद होता येते, संस्थेचे होता येत नाही. त्यांनी जोड्याही दिल्या आहेत. कुटुंब हे मंडळ, तर विवाह, घर आणि वारसा या त्याच्या संस्था. कॉलेज हे मंडळ, तर व्याख्याने आणि परीक्षापद्धती या त्याच्या संस्था. म्हणजे तुम्ही ज्या परीक्षेची तयारी करता आहात तीच एक संस्था आहे. कामगार संघटना हे मंडळ, संप ही संस्था. या जोड्यांतल्या निदान दोन तोंडपाठ ठेवा, फरक सांगा म्हणून प्रश्न आला की लगेच कामी येतात.

मग पतसंस्था? तुमच्या गावातली अमुक एक पतसंस्था, जिचा शेअर तुमच्या वडिलांच्या नावावर असेल, ते मंडळ. पण तारण ठेवणे, जामीन राहणे, व्याज, हप्ता ही जी देण्याघेण्याची रीत तिच्या आधीपासून होती आणि ती बंद पडली तरी राहणार आहे, ती संस्था. जामीन राहणे ही संस्था आहे हे वाक्य कानाला विचित्र लागेल. ते विचित्र लागेनासे झाले की संज्ञा आपली झाली असे समजा.

शब्दाचा जुना अर्थ इथे फार मदत करतो. सम् आणि स्था, एकत्र किंवा नीट उभे राहणे. संस्कृतात संस्था म्हणजे ठरलेली व्यवस्था, नियम, ठरलेले रूप. यज्ञांच्या ठरलेल्या प्रकारांनाही संस्थाच म्हणत: सात पाकयज्ञसंस्था, सात हविर्यज्ञसंस्था आणि सात सोमसंस्था, मिळून 21. अग्निष्टोम ही सोमसंस्था आहे, म्हणजे तो विधी करण्याचे ते एक ठरलेले रूप. ऋत्विज (यज्ञ करणारे पुरोहित) कोण आणि यजमान कोण हा त्यात प्रश्नच नाही, माणसे बदलली तरी रूप तेच. समाजशास्त्राला हवा आहे तो अर्थ हाच. म्हणून विवाहसंस्था, कुटुंबसंस्था, जातिसंस्था, राज्यसंस्था हे शब्द मला अतिशय नेमके वाटतात. त्यांत संस्थेचा जुना अर्थ शाबूत आहे. (तुमचे एक कुटुंब हे मंडळ, कुटुंब करून राहण्याची रीत ही कुटुंबसंस्था.) नोंदणीकृत संस्थेचा अर्थ नंतर येऊन रोजच्या बोलण्यात मोठा झाला, एवढेच.

आता हे सगळे एका गावात पाहू. बेळगाव, खानापूर भागात गावची लक्ष्मी यात्रा काही वर्षांच्या अंतराने भरते. यात्रेच्या आधी वार पाळणूक सुरू होते: ठरलेल्या वारी शेतातली कामे बंद. त्या दिवशी कोणी आऊत जोडत नाही. यात्रा कमिटी बसते, तिच्यात खजिनदार असतो, पावतीपुस्तके छापली जातात, घरटी वर्गणी ठरते. लेकीबाळींना, पाहुण्यांना निमंत्रणे जातात. आता संज्ञा लावा. सगळे आयुष्य जिथे एकत्र काढले जाते ते गाव म्हणजे समुदाय. यात्रा कमिटी म्हणजे मंडळ, कारण त्यात नाव घालता येते आणि काढताही येते. यात्रा ही संस्था. वार पाळणे हा त्या संस्थेतला सामाजिक नियम. तो मोडला तर दंडाची पावती फाडणारा कोणी नसला तरी चारचौघांत बोलणी खावी लागतात, आणि देवीचे भय असतेच. याला पुस्तकात ‘अनौपचारिक सामाजिक नियंत्रण’ म्हणतात. शहरातले उदाहरण हवे तर सार्वजनिक गणेशोत्सव ही संस्था आणि गल्लीतले तुमचे मंडळ ते मंडळच. इथे रोजचा शब्द आणि शास्त्रातला शब्द एकच निघतो.

एक गोष्ट मात्र जपायची. परीक्षकाला वार पाळणूक ठाऊक असेलच असे नाही. उत्तरात ते उदाहरण घातले तर एका वाक्यात समजावून द्या. अशी उदाहरणे जरूर द्यावीत असे माझे ठाम मत आहे. गाईडमधले उदाहरण सगळ्यांच्या पेपरात असते, तुमच्या गावातले फक्त तुमच्या पेपरात असेल आणि ते तुम्हाला समजले आहे हे त्यातून दिसते.

पेपर कन्नडमधून आहे तर शब्दांची जोडणीही पाहून घ्या. समुदायाला कन्नडमध्ये ‘समुदाय’च म्हणतात, संस्थेला ‘संस्थे’, आणि मंडळाला ‘संघ’. आपल्या भागात घराघरांत संघ हा शब्द बचत गटासाठी चालतो. “आज संघाची मिटिंग हाय, हप्ता भरायचाय” हे वाक्य मराठी घरातही ऐकू येते. हा संघ समाजशास्त्राच्या व्याख्येत तंतोतंत बसतो: सभासद आहेत, उद्देश आहे, नियम आहेत. त्यामुळे कन्नड नोट्समध्ये ‘संघ’ दिसला की बचत गट डोळ्यांपुढे आणा, चूक होणार नाही. मात्र कन्नड वर्तमानपत्रांत ‘संघ-संस्थेगळु’ हे जोडीनेच येते, जसे आपल्याकडे ‘संस्था-संघटना’. म्हणजे तुमच्या कन्नड मैत्रिणीही याच जागी अडखळत असणार. एकत्र बसून सोडवा.

मॅकायव्हर यांची सभासदत्वाची कसोटी सगळीकडे लागत नाही, हेही सांगायला हवे. समाजशास्त्रज्ञ समनर यांनी 1906 मध्ये संस्थेची फोड एक कल्पना अधिक एक रचना अशी केली, आणि रूढीतून आपोआप वाढलेल्या संस्था व ठरवून घडवलेल्या संस्था असे दोन प्रकार मांडले. घडवलेल्यांत ते बँकांचे उदाहरण देतात, म्हणजे मॅकायव्हरच्या कसोटीने जे मंडळ ठरेल ते इथे संस्था. समाजशास्त्रज्ञ गॉफमन यांनी 1961 मध्ये तुरुंग, मनोरुग्णालय यांसाठी ‘टोटल इन्स्टिट्यूशन’ ही जी संज्ञा रूढ केली, तिला मराठीत सर्वंकष संस्था म्हणता येईल. तिथे संस्था म्हणजे भिंती, दरवाजे आणि आत राहणारी माणसे यांसकट सगळे. बेळगावजवळच्या हिंडलग्याचे कारागृह या अर्थाने संस्थाच आहे, मंडळ नव्हे. तेव्हा प्रश्न ‘मंडळ आणि संस्था यांतील फरक’ असा असेल तर मॅकायव्हर धरा. गॉफमनचे नाव प्रश्नात असेल तर ती कसोटी बाजूला ठेवा.

दुसऱ्या शंकेचे उत्तर लहान आहे: नाही, नकारात्मक प्रबलन ही शिक्षा नव्हे. प्रबलन म्हणजे ज्याने वर्तन वाढते ते. शिक्षा म्हणजे ज्याने वर्तन घटते ते. आधी एवढे एकच पाहायचे, वाढले की घटले. धन (सकारात्मक) की ऋण (नकारात्मक) हे त्यानंतर: काही दिले गेले की काढून घेतले गेले. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगाच्या पेटीत उंदीर दांडी दाबतो आणि विजेचा झटका थांबतो. त्रास गेला म्हणून दांडी दाबणे वाढले, हे नकारात्मक प्रबलन. रोप लावणीच्या दिवसांत पाऊस लागला की डोक्यावर खोळ घेतात आणि भिजणे थांबते. पुढच्या वेळी खोळ आधीच हाताशी असते, हेही तेच. आई “अभ्यासाला बस, अभ्यासाला बस” म्हणून मागे लागते, पुस्तक उघडले की बोलणे थांबते, आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक लवकर उघडले जाते. तेही तेच. पण रात्री जागून मोबाइल बघितला म्हणून मोबाइलच काढून घेतला आणि जागणे कमी झाले, तर काही काढून घेतले असूनही ती शिक्षा झाली. परीक्षेत फसवतात ते नेमके इथे.

तुमचा घोटाळा अगदी स्वाभाविक आहे. खुद्द स्किनर यांनी 1938 मध्ये नकारात्मक प्रबलन ही संज्ञा आज ज्याला शिक्षा म्हणतात त्या अर्थाने वापरली होती. आजचा अर्थ 1953 पर्यंत स्थिर झाला.

मराठीत ‘नकारात्मक’ म्हटले की मनात वाईट काहीतरी येते, म्हणून मी ‘ऋण प्रबलन’ पसंत करतो. काही पुस्तकांत ते तसेच छापतात. ऋण म्हणजे वजा, गणितातले. कन्नडमध्ये तुम्हाला लिहायचे आहे ते ‘ऋणात्मक पुनर्बलन’. तिथेही ऋणाचा अर्थ वजाच घ्या, आणि उत्तर लिहिताना पहिल्याच ओळीत ‘वर्तन वाढते’ हे शब्द येऊ द्या.