सैन्य आणि धंदा दोन्ही करून राजकारणात उतरणाऱ्याला त्या अनुभवाचा फायदा होतो का?

तुम्ही लिहिलंय की वडील सैन्यातून निवृत्त झाले, मग स्वतःचा कारखाना उभा केला आणि आता निवडणुकीला उभं राहायचं म्हणतायत, तर या अनुभवाचा उपयोग होईल का. अशाच एका साहेबांच्या प्रचारात मी दोन निवडणुका राबलोय म्हणून सविस्तर लिहितो.

उपयोग होतो, पण आपल्याला वाटतो तिथे नाही. आपण धरून चालतो की वर्दीमुळे मान मिळेल आणि मानामुळे मतं. मान खरंच मिळतो, लोक उठून नमस्कार करतात, फोटो काढून घेतात आणि मत दुसऱ्याला देऊन येतात, कारण मत देताना माणूस एवढंच बघतो की उद्या माझं काम अडलं तर हा माझा फोन घेईल का.

हॅरी ट्रुमन यांचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले ते, पण त्याआधी पहिल्या महायुद्धात तोफखान्यात कॅप्टन होते, फ्रान्समध्ये लढले, परत आल्यावर 1919 मध्ये एडी जेकबसन या सैन्यातल्याच मित्राबरोबर कॅन्सस सिटीत पुरुषांच्या कपड्यांचं दुकान काढलं आणि मंदीत 1922 साली ते बुडालं. त्याच वर्षी ते काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) 'जज' पदाची निवडणूक जिंकले (नाव जज असलं तरी कोर्टाशी संबंध नाही, रस्ते आणि तिजोरी सांभाळायचं पद). कशाच्या जोरावर? तिथलं राजकारण ज्या पेंडरगास्ट घराण्याच्या हातात होतं त्यातला जिम त्यांच्याबरोबर सैन्यात होता, आणि त्यांच्या तुकडीतले जवान त्यांच्या पाठीशी उभे राहिले. म्हणजे पदकं नाही, माणसं कामाला आली. दुकानाचं कर्जही दिवाळखोरी न मागता त्यांनी वर्षानुवर्षं फेडलं. 1924 ला हरले, 1926 ला पुन्हा उभे राहून जिंकले.

दोन्ही अनुभव खऱ्या अर्थाने एकत्र कामाला आले ते 1941 मध्ये. तेव्हा ते सिनेटर होते आणि संरक्षणाच्या कंत्राटांत पैसा कुठे वाया जातोय हे शोधणारी समिती त्यांनी चालवली. छावणीत काय लागतं हे कॅप्टनला कळत होतं आणि बिल कुठे फुगलंय हे दुकानदाराला. वडिलांचा अनुभव मला तरी असा निवडून आल्यानंतर जास्त मोलाचा वाटतो.

याच्या उलट अमेरिकेतलेच उद्योगपती रॉस पेरो. नौदलात होते, 1962 मध्ये ईडीएस ही कॉम्प्युटर सेवा देणारी कंपनी काढून अब्जाधीश झाले, 1992 ला अपक्ष म्हणून अध्यक्षपदाला उभे राहिले. जुलैमध्ये अचानक माघार घेतली, ऑक्टोबरमध्ये परत आले, जवळपास 19 टक्के मतं मिळाली पण राज्य एकही नाही. मधल्या त्या माघारीत किती कार्यकर्त्यांचं मन मोडलं असेल ते प्रचार केलेल्या माणसालाच कळेल.

आमच्या साहेबांची चूक वेगळी होती. सैन्यात हुकूम चालतो, कारखान्यात पगार चालतो, कार्यकर्त्यावर दोन्ही चालत नाही, तो मनात आलं तर येतो. सकाळी सातची मीटिंग, पोरं साडेसातला आली की साहेब सगळ्यांसमोर झापायचे, चौथ्या दिवशी निम्मी पोरं गायब. मग कारखान्यातले कामगार प्रचाराला आणले आणि ते मला आजही खटकतं, कारण मालकाला नाही म्हणायची सोय कामगाराला नसते आणि हे दारात उभ्या मतदाराला त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. तुमच्या वडिलांना एवढी एक गोष्ट करू देऊ नका, आणि कंपनीचा कारभार उभं राहण्याआधीच दुसऱ्या कुणाच्या तरी हाती सोपवायला लावा, नाहीतर पुढे प्रत्येक निर्णयावर संशय घेतला जातो.

आणि एक कागद घेऊन त्यांच्यासमोर बसा. जुन्या युनिटमधले, धंद्यातले, कुठलेही, पगार किंवा उपकार नसताना स्वतःहून पंधरा दिवस काढून कोण येईल त्यांची नावं लिहायला सांगा. आमच्या साहेबांनी ही यादी पहिली निवडणूक हरल्यावर केली, अकरा नावं निघाली, दुसऱ्या वेळचा प्रचार त्या अकरा जणांनीच चालवला. तेव्हाही थोडक्यात हरलो, पण त्यातले नऊ जण अजून रोज संध्याकाळी साहेबांच्या ऑफिसात बसून लोकांचे अर्ज भरून देतात.