शेवटच्या रविवारी अलास्कात

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला दौऱ्याचा कार्यक्रम दोनदा वाचला. मेहनत दिसते. पण शुभारंभाच्या सभेत तुमच्या उमेदवाराने ‘प्रत्येक गावात मी स्वतः येणार’ असा शब्द दिलाय, हे वाचलं आणि काळजी वाटली. मला अमेरिकेचे रिचर्ड निक्सन आठवले.

जुलै 1960. शिकागोला रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात अमेरिकेच्या अध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारताना निक्सन म्हणाले, पन्नासच्या पन्नास राज्यांत मी जातीने प्रचार करीन. टाळ्या पडल्या. ऑगस्टमध्ये ग्रीन्सबरोला गाडीच्या दारावर गुडघा आपटला, जखम चिघळली आणि जवळजवळ दोन आठवडे रुग्णालयात गेले. सल्लागारांनी विनवलं, आता तरी पन्नास राज्यांचा हट्ट सोडा. त्यांनी ऐकलं नाही. बुडालेले दिवस भरून काढायला आणखी धावपळ केली. 26 सप्टेंबरला प्रतिस्पर्धी केनेडींबरोबरच्या पहिल्या टीव्ही चर्चेला पोहोचले तेव्हा चेहरा ओढलेला, शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल, आणि गाडीतून उतरताना तोच गुडघा पुन्हा आपटलेला. ते दृश्य कोट्यवधी लोकांनी पाहिलं.

आणि मतदानाआधीचा शेवटचा रविवार, 6 नोव्हेंबर? त्या दिवशी निक्सन अलास्कात होते, कारण ते राज्य राहिलं होतं! अलास्काची इलेक्टोरल मतं, म्हणजे अध्यक्ष निवडताना राज्याच्या वाट्याला येणारी मतं, 3; इलिनॉय राज्याची 27. तिकडे राज्य ज्याने जिंकलं त्याच्या पदरात बहुतेक ठिकाणी सगळीच मतं पडतात, म्हणून अटीतटीच्या राज्यातला एक दिवस सोन्याच्या मोलाचा. अलास्का त्यांनी जिंकलं. इलिनॉय 9 हजारांहून कमी मतांनी गेलं. तिथल्या शिकागो शहरातल्या मतमोजणीवर पुढे पुष्कळ आरोप झाले, ते खरे की खोटे यात मी शिरत नाही. एकट्या अलास्कामुळे ते हरले असंही म्हणणार नाही. इलिनॉय निक्सनना मिळालं असतं तरी केनेडींचं बहुमत टिकलं असतं. पण देशभरात जेमतेम सव्वा लाख मतांचंही अंतर नव्हतं, अशा लढतीत उमेदवाराचे दिवस असे उधळायचे नसतात. पैसा उसना मिळतो, कार्यकर्ते शेजारच्या तालुक्यातून येतात. उमेदवाराचा दिवस कुठून आणणार?

तुमच्या उमेदवाराला आजच गाठ. ‘प्रत्येक गावात आमचा माणूस येईल’ असं पुढच्या सभेत त्यांच्याच तोंडून जाऊ दे. आता थोडी कुजबुज होईल, ती परवडेल. मागच्या वेळी थोडक्यात गेलेली गावं वेगळी काढ, शेवटचे चार दिवस फक्त त्यांच्यासाठी कोरे ठेव, दुपारची दोन तास झोपही कार्यक्रमात लिही. नवा कागद रात्रीपर्यंत पाठव, मी जागा आहे.

तुझा,
काका