घोटा मुरगळल्यावर डोंगरात पुन्हा पळायला सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरातून उतरताना घोटा आतल्या बाजूला वळून मुरगळला, अडीच महिने पळणं बंद होतं, आता चालताना दुखत नाही आणि दोन तासांच्या आत हाफ मॅरेथॉन करण्याचं लक्ष्य अजून डोक्यात आहे. माझं स्पष्ट मत आहे की शर्यतीत नाव राहू द्या, पण यंदा वेळ ठरवू नका.

दुखायचं थांबलं म्हणजे घोटा बरा झाला, असं नसतं. लिगामेंटला, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणाऱ्या पट्ट्यांना, मार बसतो तेव्हा पाऊल किती तिरकं पडतंय याची मेंदूला मिळणारी खबरही मंदावते. सराव केल्याशिवाय ती नीट सुधारत नाही, म्हणून तोच घोटा पुन्हा मुरगळतो. डांबरी रस्त्यावर हे लक्षात येत नाही, सुटा दगड पायाखाली आला की येतं.

त्यामुळे कॅलेंडर न बघता घोटा तपासा. भिंतीसमोर उभे राहा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा आणि पायाचा अंगठा भिंतीपासून किती लांब नेता येतो ते फूटपट्टीने मोजा. दोन्ही पायांत दोन सेंटीमीटरहून जास्त फरक असेल तर घोटा अजून आखडलेला आहे. असा घोटा उतारावर पुरेसा वाकत नाही, टाच लवकर उचलली जाते आणि सगळा भार पुढच्या भागावर येऊन पाय वळतो. त्यानंतर एका पायावर टाच उचलून बघा. सलग वीस वेळा, दुसऱ्या पायाइतक्याच उंचीपर्यंत जमलं पाहिजे. शेवटी त्याच पायावर दहा उड्या, न दुखता. यातलं जे जमत नाही तोच तुमचा पहिल्या महिन्याचा व्यायाम. जोडीला रोज दात घासताना एका पायावर उभे राहा. ते सोपं झालं की, दात घासून झाल्यावर, भिंतीजवळ डोळे मिटून.

पळणं उपवन तलावाभोवती सुरू करा. आठवड्यातून तीन दिवस, एक मिनिट पळणं आणि एक मिनिट चालणं, एकूण वीस मिनिटं. पुढच्या आठवड्यात पाचच मिनिटं वाढवा. कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना लागते. घोटा आखडलेला किंवा सुजलेला वाटला तर तोच आठवडा पुन्हा करा.

सलग अर्धा तास जमला की येऊर गावाकडे जाणारा डांबरी चढ घ्या. चढताना घोट्याला धक्के कमी बसतात आणि दम मात्र चांगला वाढतो. वर पळत जा, खाली चालत या. हे मी आग्रहाने सांगतो, कारण घोटे मुरगळतात ते बहुतेक उतरताना, पाय थकलेले असताना. दोन-तीन आठवड्यांनी मातीची वाट धरा आणि तेव्हाही पहिले काही उतार चालतच उतरा. नंतर पळताना पावलं आखूड ठेवा, नजर तीन-चार पावलं पुढे असू द्या. मागे रेलू नका. भीतीने सगळेच रेलतात, पण त्याने टाच आधी टेकते आणि घसरते.

घड्याळातला पेस, म्हणजे किलोमीटरला लागणारा वेळ, बघणं बंदच करा. वाटेवर एका किलोमीटरला रस्त्यापेक्षा दुप्पट वेळ लागू शकतो, त्यात तुमचं काही चुकत नसतं. त्याऐवजी किती मिनिटं बाहेर होतात आणि किती मीटर चढलात एवढंच लिहून ठेवा. हे आकडे वाढताना दिसले की डोंगरात जायची ओढ पुन्हा लागते, हे मात्र नक्की.

बुटांच्या तळाला जमीन धरणाऱ्या चार ते पाच मिलिमीटरच्या गुट्ट्या असाव्यात आणि तळ फार जाड नसावा, कारण पाय जमिनीपासून जितका उंच तितका वळायला सोपा. शेवटच्या भोकातून लेस ओवून टाच घट्ट बांधा. पावसाळ्यात शेवाळलेल्या काळ्या दगडावर कुठलाच बूट धरत नाही, तिथे चालायचं. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे आणि बिबट्याचा वावर आहे, म्हणून पूर्ण उजाडल्यावरच आणि कुणाला तरी सोबत घेऊन जा.

सपाट जागीही घोटा मध्येच निसटल्यासारखा वाटत असेल तर यातलं काही सुरू करण्याआधी फिजिओथेरपिस्टला दाखवा.