वाहत्या खेळण्यांचा माग

प्रश्न : समुद्रात पडलेले प्लास्टिक अमुक ठिकाणाहून निघून तमुक किनाऱ्याला लागले, असे शास्त्रज्ञ सांगतात. वाहून आलेल्या वस्तूवर तर तिचा पत्ता लिहिलेला नसतो. मग हे कळते कसे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपली शंका रास्त आहे. बहुतेक कचऱ्याविषयी असे खात्रीने सांगता येतच नाही, कारण तो कोठे व कधी पाण्यात पडला याची नोंद नसते. क्वचित ती सापडते. मे १९९० मध्ये उत्तर पॅसिफिकमधील वादळात एका मालवाहू जहाजावरून २१ कंटेनर पडले आणि त्यांपैकी काहींमधील नायकीचे हजारो बूट पुढे अमेरिका व कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर लागू लागले. सिअ‍ॅटलचे समुद्रशास्त्रज्ञ कर्टिस एब्समायर यांना ही बातमी त्यांच्या आईने दाखवली, हे विशेष. बुटांवरील क्रमांकांवरून ते त्याच खेपेतले आहेत हे ताडता आले, म्हणजे आपण म्हणता तो पत्ता येथे खरोखरच लिहिलेला होता. जागा व तारीख जहाजाच्या नोंदीतून मिळाली.

जानेवारी १९९२ मध्ये दुसऱ्या एका जहाजावरून, आंतरराष्ट्रीय वाररेषेजवळ, लहान मुलांची आंघोळीच्या वेळची २८,८०० प्लास्टिकची खेळणी सांडली : पिवळी बदके, लाल बीव्हर, निळी कासवे, हिरवे बेडूक. त्यांना छिद्रे नसल्यामुळे ती बुडाली नाहीत आणि सुमारे दहा महिन्यांनी अलास्कातील सिटकाजवळ लागली. किनाऱ्यावर फिरणाऱ्या हौशी लोकांकडून एब्समायर यांनी ती सापडल्याच्या जागा व तारखा गोळा केल्या, आणि त्यांचे सहकारी जेम्स इन्ग्रॅहॅम यांनी त्या समुद्रप्रवाहांच्या आपल्या संगणकीय प्रारूपाशी पडताळून पाहिल्या. यातली मेख अशी की, पाण्यावर उंच तरंगणाऱ्या पोकळ खेळण्याला वाराही ढकलतो, तर बराचसा पाण्याखाली राहणारा बूट मुख्यतः प्रवाहाबरोबर जातो. त्यामुळे वाऱ्याचा वाटा वस्तूगणिक वेगळा धरावा लागतो. पुढील वर्षांतही खेळणी सिटकाला येत राहिली, आणि त्यांच्या येण्यातील काळाच्या अंतरावरून तेथील वर्तुळाकार प्रवाहाची एक फेरी सुमारे ३ वर्षांची असावी, असा अंदाज बांधता आला.

आपल्या कोकणात तारखेचे महत्त्व आणखीच वाढते. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे, तर हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. त्यामुळे रत्नागिरीच्या समुद्रात पडलेली पिशवी ऑगस्टमध्ये गोव्याच्या दिशेने आणि डिसेंबरमध्ये मुंबईच्या दिशेने जाण्याचा संभव अधिक.