बोटी सुटल्या की पोरं बिथरतात

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

१ ऑगस्टला मासेमारीबंदी उठली, बोटी सुटल्या आणि तुझ्या अंगणवाडीतली पोरं दाराला चिकटून बसायला लागली, असं लिहिलंस. हर्णैसारख्या बंदरात हे व्हायचंच. बाप खलाशी म्हणून गेलेला, समुद्र अजून खवळलेला. त्या पोराचं भय खोटं नाही. तेव्हा 'काही होत नाही, घाबरू नको' हे आधी बंद कर. 'बाबांची आठवण येते ना? पोटात कसं होतंय?' एवढंच विचार. या वयात काळजी पुष्कळदा पोटदुखी होऊनच बाहेर येते. बोट केव्हा परतणार ते आईला विचारून ठेव, 'येतील हं लवकर' असं मोघम सांगू नकोस.

आता श्वासाचं. तू 'मोठ्ठा श्वास घे' म्हणतेस तिथेच गडबड होते. मूल खांदे उचलून भराभर हवा ओढतं आणि त्याला गरगरतं. सावकाश, लांब सोडलेल्या श्वासाबरोबर हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून सोडायला शिकव; घेणं आपसूक होतं. आकडे मोजायला लावू नकोस, श्वास रोखायला तर मुळीच नको. ओंजळ करायची, तिच्यात गरम पेज आहे असं समजायचं. नाकाने वास घ्यायचा, मग हळू फुंकर. जोरात फुंकलं की पेज सांडली! हे 'सांडली' पोरांना इतकं आवडतं की ती मुद्दाम जोर लावतात. लावू दे. चार-पाच फुंकरा पुरे.

पण रडारड चालू असताना शिकवायला जाऊ नकोस. रोज खिचडीच्या आधी, सगळी हसतखेळत असताना घे. रडणाऱ्या पोराजवळ तू नुसती खाली बस आणि स्वतः हळू फुंकर घाल. ते करील तर करील. नाही केलं तर जवळ घे, फुंकरीचा हट्ट सोड. गप्प बसवायची युक्ती आहे असा वास आला, तर पोरं पुन्हा ओंजळ करायची नाहीत.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा तुझी बहुतेक पोरं जन्मलीही नव्हती. तरी वारा सुटला की बिचकतात, कारण घरातली मोठी माणसं छपराच्या पत्र्यांकडे बघतात. म्हणून पालकसभेत आयांनाही पेज फुंकायला लाव. लाजतील. आज्या आधी शिकतात, हा माझा अनुभव.

छातीत घरघर होऊन धाप लागली असेल तर मात्र फुंकर घालत बसू नकोस, सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात ने. आठवडे उलटले तरी मूल नीट जेवत नाही, झोपेत दचकतं, सुटलेली सवय असूनही अंथरूण ओलं करतं, तर आईला घेऊन जिल्हा रुग्णालय गाठ. रत्नागिरी लांब पडते, ठाऊक आहे. तोवर तिला टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोलायला लाव. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

तुझी,
बाई