बिडकीनला टोयोटा आली तर आमच्या गॅरेजचं काय?

प्रश्न : नमस्कार. पैठण रोडला माझं छोटं गॅरेज आहे, डिझेल गाड्याच जास्त येतात. बिडकीनला टोयोटा बॅटरीच्या गाड्या काढणार म्हणून पोरगं म्हणायलंय की आता इंजिनचं काम शिकून काय करू, ईव्हीचाच कोर्स करतो. खरंय का? - एक वाचक, पैठण

उत्तर : भाऊ, पोराला जरा दमानं घ्यायला सांगा. ३१ जुलै २०२४ ला राज्य सरकार अन् टोयोटा किर्लोस्करचा कारखान्यासाठी करार झाला, गुंतवणुकीचा आकडा २० हजार कोटींच्या आसपासचा, पण त्यात इलेक्ट्रिकबरोबर हायब्रिडपण (इंजिन अन् बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली गाडी) आहे आणि नेमकं तेच आपले लोक विसरायलेत. टोयोटानं पहिली प्रियस ही हायब्रिड गाडी १९९७ ला जपानात विकायला काढली तेव्हापासून हायब्रिड काही सोडली नाही, सगळं जग ईव्ही ईव्ही करत होतं तेव्हा मागं पडले म्हणून टोमणेही खाल्ले. त्यांचं म्हणणं, लांब पल्ल्याच्या एका ईव्हीच्या बॅटरीला जेवढा लिथियमसारखा माल लागतो तेवढ्यात ९० हायब्रिड होतात. आता इंजिनचे एवढे कारखाने ज्याच्याकडं आहेत तो हाच हिशोब मांडणार की, पण हिशोबात दम आहे.

तुमच्या कामाचं बोलू. टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉस हायब्रिडचं बॉनेट उघडून बघा, पेट्रोल इंजिन जागेवरच आहे, ऑइल, फिल्टर, कूलंट सगळं तेच. क्लच मात्र नाही, नेहमीचा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, गिअरबॉक्सच्या जागी दोन मोटरी अन् प्लॅनेटरी गिअर. वेग कमी करताना मोटरच डायनामो होऊन बॅटरी भरते, म्हणून ब्रेक पॅडही लई दिवस जातात. म्हणजे क्लचप्लेट अन् पॅडवर जे चार पैसे सुटतात ते कमी होणार, हे खरंय. आणि या हायब्रिड पेट्रोलच्या, त्यामुळं डिझेलचा हात असलेल्यानं पेट्रोलकडं वळायलाच पाहिजे (पुढाऱ्यांच्या फॉर्च्युनर आहेत तोवर डिझेलवाला उपाशी मरत नाही म्हणा).

पोराला मेकॅनिकल सोडू देऊ नका, त्याच्या जोडीला वायरिंग अन् स्कॅनर (गाडीतला बिघाड दाखवणारं यंत्र) शिकू द्या. नारंगी केबल म्हणजे हाय व्होल्टेज, तिथं बॅटरीचा करंट तोडणारा सर्व्हिस प्लग काढून, रबरी हातमोजे घालून, कॅपॅसिटरमध्ये साठलेला करंट रिकामा होईस्तोवर १० मिनिटं थांबावं लागतं अन् मग मीटर लावून बघायचं. हे शिकेपर्यंत तसली गाडी आली तर सरळ परत पाठवा, गिऱ्हाईक गेलं तरी चालंल.